आधी आठवडाभर नुसती बाकावर बस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फिजिओथेरपीची पदवी हातात पडून महिना झाला नाही, तोच तुला आपल्या वस्तीतल्या बागेचं काहीतरी करावंसं वाटतंय, याचा मला किती आनंद झाला ते भेटल्यावर सांगेन. सोबतचा अर्जही वाचला. ओपन जिमची आठ यंत्रं, झुंबासाठी स्पीकर, भिंतीवर आरोग्याचे संदेश. अर्ज नीट लिहिलायस. पण इतक्यात देऊ नकोस.

मी नर्स म्हणून तीस वर्षं हेल्थ पोस्टवर, म्हणजे मुंबई पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रावर काढली, हे तुला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी अशीच मागे लागून एका बागेत मी ओपन जिम बसवून घेतली होती. नारळ फुटला, फोटो निघाले, पहिले दोन महिने यंत्रांपुढे रांग लागायची. एका पावसाळ्यानंतर निम्म्या यंत्रांचे बेअरिंग कुरकुरायला लागले. पण मला लागलं ते वेगळंच. यंत्रं धड होती तेव्हाही सकाळी त्यांच्यावर निवृत्त काका असायचे आणि संध्याकाळी कॉलेजची मुलं. माझ्या रजिस्टरमधल्या शुगर-बीपीच्या बायका तिथे एकदाही दिसल्या नाहीत. ज्यांच्यासाठी मी एवढी धावपळ केली, त्यांना तुम्ही बागेत का येत नाही, हे विचारायचंच मी विसरले होते. ती चूक माझी होती. तुझ्याकडून ती होऊ नये म्हणून हे पत्र.

तेव्हा पहिलं काम असं कर. एक वही घे आणि आठवडाभर बागेत नुसती बाकावर बस. सकाळी सात, सकाळी अकरा, दुपारी चार, संध्याकाळी सात अशा चार वेळा ठरव. प्रत्येक वेळी एक फेरी मारून मोज: बायका किती, पुरुष किती, मुली किती, मुलं किती, म्हातारी माणसं किती. त्यातले बसलेले किती, चालणारे किती, घाम निघेल असं काही करणारे किती. या मोजणीची शास्त्रशुद्ध पद्धतही आहे, तिला सोपार्क म्हणतात. त्याच पद्धतीने अमेरिकेतल्या २५ शहरांतली १७४ उद्यानं पाहिली गेली. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की साठीच्या पुढची माणसं लोकसंख्येत २० टक्के, पण उद्यानात जेमतेम ४ टक्के. आपल्याकडे उलट चित्र दिसेल बघ. सकाळी आजोबांनी बाग भरलेली असते. तुझ्या वहीतला रिकामा रकाना दुसराच निघेल. माझ्या अंदाजाने तिशी ते पन्नाशीच्या बायका आणि बारा वर्षांपुढच्या मुली. देशभराचा हिशोबही तेच सांगतो. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ स्त्रिया ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के.

आता त्या रिकाम्या रकान्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते तुला कळेल.

पन्नाशीची बाई. चार घरी पोळ्यांची कामं. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा (एचबीए१सी) नऊच्या वर, म्हणजे बराच जास्त. मी दर भेटीत तिला ओरडायचे, रोज अर्धा तास चाला, बाग समोर आहे. ती मान हलवायची आणि जायची. एकदा मी जरा जास्तच बोलले, तशी ती गप्प बसली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, मी चालायला जाईन हो. पण मला तासात दोनदा लघवीला जावं लागतं. तिथल्या संडासाला कुलूप. घरी यायचं तर तीन जिने. मग कशाला जाऊ?"

मला पुढे बोलायला तोंड उरलं नाही. रक्तातली साखर वाढली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे टाकतात, सोबत पाणी ओढून नेतात, म्हणून वारंवार लागतं. हे मीच नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे. आणि त्याच आजाराच्या बाईला मी जिथे जायची सोय नाही अशा ठिकाणी अर्धा तास फिरायला पाठवत होते. त्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी बागेत गेले. स्त्रियांच्या बाजूच्या दाराला खरंच कुलूप. चावी कुणाकडे, तर माळ्याकडे. माळी कुठे, तर दुसऱ्या बागेत. कुलूप काढवून आत पाहिलं तर बल्ब नाही, नळाला पाणी नाही आणि दाराची आतली कडी तुटलेली. ती कडी आम्ही बायकांनीच हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवली. चावी वॉचमनच्या चौकीत खिळ्याला टांगायची, एवढं ठरायला मात्र चार महिने आणि सहा पत्रं लागली. त्यानंतर पहिल्या आठवड्यात सहा जणी आल्या. दिवाळीपर्यंत वीस. एकही यंत्र न बसवता.

म्हणून तुझ्या अर्जात सगळ्यात वर शौचालय लिही. उघडं, उजेडाचं, आतून कडी लागणारं. त्याखाली दिवे. शिवाजी पार्कला रात्री साडेनवालाही बायका निर्धास्त फेऱ्या मारतात, त्याचं कारण मैदानापेक्षा त्याच्या भोवतीच्या कट्ट्यात आहे. कट्ट्यावर माणसं बसलेली असतात, रस्ता वाहता असतो, दिव्यांचा उजेड असतो. आपल्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात करंजाच्या फांद्या दिव्यावर आल्या आहेत, त्या छाटायला सांग. आणि मग चालायची वाट. मघाच्या त्याच अमेरिकी पाहणीत, फेरी पूर्ण होईल अशी गोल वाट असलेल्या उद्यानांत ती नसलेल्या उद्यानांपेक्षा ८० टक्के जास्त माणसं दिसली होती. आपल्या बागेतली वाट कारंज्यापाशी तुटते आणि तिथले पेव्हर ब्लॉक उखडलेत. तेवढा दहा-बारा फुटांचा तुकडा जोडला तरी फेरी होईल.

यंत्रांचं पुढे कधीतरी बघू.

वेळेचंही बघ. बायकांना मोकळा वेळ मिळतो तो पाणी भरून, डबे देऊन, मुलं शाळेत गेल्यावर. म्हणजे अकरा ते चार. नेमकं त्याच वेळात पुष्कळ बागांचं गेट काही तास बंद असतं. सकाळी सहाला चालणंच खरं, हा समज बँकेतून निवृत्त झालेल्यांसाठी ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे आणि ती कितीही तुकड्यांत केली तरी चालते. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येतं, पण गाता येत नाही, एवढी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते. डिसेंबर-जानेवारीत तर पहाटे चालायचा आग्रह धरूच नकोस. त्या दिवसांत जमिनीलगतच्या थंड हवेत धूळ आणि धूर साचून राहतो. दम्याच्या माणसाला तेव्हा दुपारी, वारा सुटल्यावर चालणं बरं.

आता झुंबाबद्दल. तुला आवडतो, चांगलं आहे. पण आपल्या बायकांना नवा नाच शिकवण्याआधी त्यांना येणारे खेळ काढ. श्रावणात मंगळागौरीच्या गटांची तालीम तू पाहिली असशील. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, अठूडं-गठूडं, लाट्या, सूप नाचवणं. मी एकदा झिम्म्यानंतर चौघींच्या नाडीचे ठोके मोजले होते. भरभर चालून आल्यावर मोजले असते तर तेवढेच भरले असते. बसफुगडीत मांड्यांना जो ताण बसतो, तो तुझ्या पुस्तकातल्या व्यायामाला हार जाणार नाही. हे खेळ करताना बायका हसतात, गाणं म्हणतात, आणि कुणी बघतंय याचं त्यांना काही वाटत नाही, कारण ते त्यांचं आहे. एरवी श्रावणापुरतेच असलेले हे खेळ बाराही महिने बागेत आणायचे. मात्र गुडघे दुखणाऱ्या बाईला बसफुगडी घालायला लावू नकोस. तिला बाकावर बसव आणि हात न टेकता उठ-बस करायला सांग, दहा वेळा. त्यातल्या खुब्या तू माझ्यापेक्षा चांगल्या जाणतेस.

मुलींसाठी लंगडी. क्रिकेटवाल्या पोरांकडून अर्धं मैदान मागायला गेलीस तर भांडण होईल आणि मुली घरी परततील. लंगडीला बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा पुरते, चुन्याची फक्की सोडली तर खर्च नाही. एका पायावर पळून पळून पोरींची दमछाक होते. संध्याकाळी पाच ते सहा, रोज त्याच ठिकाणी, आणि तिथे एक मोठी बाई हजर. आईला हे दोन्ही कळलं की ती मुलीला पाठवते. ती मोठी बाई आजारी पडली तर दुसरी कोण, हेही आधीच ठरवून ठेव. मी हे ठरवलं नव्हतं आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमचा मुलींचा गट दीड महिन्यात पांगला. तो पुन्हा उभा राहिला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

काही गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी बायकांना बसवून सांग. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारीने उपाशीपोटी चालू नये, पदराला खडीसाखर बांधलेली असावी. दवावर अनवाणी चाललं की डोळे सुधारतात असं सगळ्या सांगतात, पण त्याला आधार नाही. पायाच्या संवेदना कमी झालेल्या बाईला खडा टोचलेलाही कळत नाही आणि पुढे ती जखम चिघळते. तिने पुढून-मागून बंद असलेले बूट घालूनच यावं. छातीत दडपण, घशाशी किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा घाम, यातलं काही झालं तर तिथेच बसायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जायचं नाही. पावसाळ्यात वाटेवर शेवाळं धरतं, तेव्हा दोन महिने शाळेच्या व्हरांड्यात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये जमा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून कुणी आलीच, तर तिला ७२ तासांच्या आत हेल्थ पोस्टवर पाठव, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) टाळायची गोळी तिथे मिळते.

कागदपत्रांचं थोडक्यात. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाला पत्र देताना दोन प्रती ने आणि तुझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. दिवा, नळ, तुटलेली फरशी अशा तक्रारी पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर नोंदवून तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेव. पत्राला तुझ्या मोजणीचा कागद जोड. "बायकांची गैरसोय होते" या वाक्यावर साहेब मान डोलावतात. "मंगळवारी संध्याकाळी सातला ६४ माणसं, त्यात बायका ५" असं लिहिलेलं समोर ठेवलं की ते पेन उचलतात, हा माझा अनुभव आहे.

मुंबईत माणशी मोकळी जागा किती, तर नेहमी सांगितला जाणारा आकडा १.२४ चौरस मीटर. साधारण १३ चौरस फूट. एक चटई पुरती पसरत नाही. आपल्या वस्तीच्या वाट्याला तर ही एकच बाग आहे, आणि त्या चटईवर कोण बसतं आणि कोण दारातूनच परत जातं, याची मला फार काळजी वाटते. म्हणून इतकं लांबवलं.

येत्या सोमवारपासून बसायला लाग. मी संध्याकाळच्या वेळेला येत जाईन, माझं चालणंही होईल. आणि पहिल्या दिवशी आत गेल्या गेल्या आधी स्त्रियांच्या शौचालयाचं दार ढकलून बघ. कुलूप असलं तर तिथूनच मला फोन कर.

तुझी,
सिस्टर