दम, सूज आणि मुंग्या: अमायलॉइडची चाहूल कशी ओळखायची?

वडील ७२ वर्षांचे, हर्णैला जन्मभर जाळी विणली. सहा वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात नस दबून हाताला मुंग्या येतात, त्याचं) ऑपरेशन झालं. आता घरची पाखाडी चढताना धाप लागते, बीपीची गोळी घेतली की उभं राहताना चक्कर येते. वयच ना?

ताई, वयावर ढकलू नका. जाळी विणणाऱ्याचं मनगट दुखणारच, असं म्हणून सगळे तिथेच थांबतात. पण दोन्ही हातांचा हा त्रास कधी कधी हृदयाच्या अमायलॉइडोसिसची पाच-दहा वर्षं आधी आलेली वर्दी असतो. यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन तयार होतं. त्याची घडी विस्कटली की त्याचे तंतू होतात, त्यांनाच अमायलॉइड म्हणतात, आणि ते मनगटात, हृदयाच्या भिंतीत साचत जातात. हृदय ताठरतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंती जाड दिसतात, ईसीजीतल्या लाटा मात्र बऱ्याचदा बुटक्या. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायला सांगा, आणि मनगटांचं ऑपरेशन आवर्जून सांगा. हृदयाचे डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. पूर्वी मानवणारी बीपीची गोळी आता सोसत नाही, हीसुद्धा खूण आहे. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. पुढे पायरोफॉस्फेट स्कॅन (हृदयात हे तंतू साचलेत का ते दाखवणारा) लागेल, पण सोबत रक्त-लघवीतल्या लाइट चेनची, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशी सोडतात त्या प्रथिनाच्या तुकड्यांची, तपासणी हवीच. ती न करता नुसत्या स्कॅनवर निदान केलं तर चुकू शकतं.

आईच्या (५८, देवगड) लघवीला फेस येतो, पाय सुजतात, मार न लागता डोळ्यांभोवती जांभळे डाग उठतात. गणपती झाल्यावर मुंबईला नेऊ का?

गणपतीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. आईंना जीभ बाहेर काढायला सांगा. ती जाडसर झाली असेल, कडेला दातांचे वळ असतील, तर तेही डॉक्टरांना दाखवा. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी लाइट चेन सोडतात आणि त्यांचंच अमायलॉइड साचतं, तो हा प्रकार असू शकतो. यात मूत्रपिंड आणि हृदय झपाट्याने निकामी होऊ शकतात. बेंबीजवळची चिमूटभर चरबी काढून काँगो रेड रंगाने तपासतात. ध्रुवीकृत प्रकाशात ती हिरवी चमकली, तर अमायलॉइड आहे. तिथे नसेल तर मूत्रपिंडाचा तुकडा तपासावा लागतो. औषधं नवं साचणं रोखतात, आधी साचलेलं सहज निघत नाही. म्हणून इतकी घाई करतोय.

प्रथिनंच साचतात, तर मासे आणि कुळथाची पिठी बंद करू?

नाही. साचतं ते शरीराने स्वतः बनवलेलं प्रथिन, ताटातलं नव्हे. सूज असेल तर मीठ कमी करा: सुकट, खारा बांगडा, लोणचं दूर ठेवा. मूत्रपिंड बिघडलं असेल तर ताट डॉक्टरांना विचारून ठरवा.