सर फार बोलतात, कबड्डी बंद करू का?

हिवाळ्यात चोपड्याकडचं एक जोडपं जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं, ते हाच प्रश्न घेऊन. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा तेरा वर्षांचा, शाळेच्या संघात चढाई करणारा. सरावाच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं, रविवारी नाही. डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं, पोटात काही निघालं नव्हतं. आईला वाटत होतं, खेळच सोडवावा. वडिलांचा केळीचा व्यापार, बोलणं रोखठोक. "मॅडम, आम्हले बी मास्तरनी झोडेल शे. त्याबिगर पोरे घडतस का?"

मुलगा माझ्याशी बोलेना. मी कागद पुढे केला आणि मैदान काढायला सांगितलं. मग मात्र गडी रमला. पट्टी लावून मध्यरेषा, निदान रेषा, तिच्याही पुढची बोनस रेषा, सगळं मापात.

"तू कुठपर्यंत जातोस?"

त्याने पेनाने ठिपके दिले. सगळे निदान रेषेच्या जेमतेम पलीकडे. ती रेषा ओलांडली नाही तर चढाई करणारा बाद होतो, म्हणून तेवढं पाऊल टाकायचं आणि परत फिरायचं. खोल का जात नाहीस, विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "पकडलं की सर म्हणतात, पिकेल केळं! हात लावला की गळतं. सगळे हसतात." घरी केळीचा धंदा, त्यामुळे मुलांना आयतंच सापडलं होतं. शाळेतही तेच नाव पडलं.

उठता उठता आईने आणखी एक सांगितलं. आठवड्यापूर्वी संघातल्या एका लहान मुलाच्या हातून पकड सुटली, तेव्हा यानेच त्याला "पिकेल केळं" म्हणून रडवलं होतं. मला पोटदुखीपेक्षा याची काळजी जास्त वाटली.

आवाज चढला म्हणून प्रशिक्षक वाईट ठरत नाही. मैदानावर चाळीस पोरांच्या गलक्यात हळू बोललेलं कोणाला ऐकू जाणार? पालकांना मी एवढंच बघायला सांगते की चूक झाल्यावर पुढचं वाक्य कोणतं येतं. पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं, की आपण कसे नालायक आहोत ते?

वडिलांना हे पटेना, म्हणून मी त्यांना वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांचं काम सांगितलं. चुकीनंतर धीर द्यायचा, मग सुधारणा सांगायची, असं त्यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना शिकवलं. 1992 साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची 5 टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आली नाहीत. बाकीच्यांकडे हाच आकडा 26 टक्के होता.

"आणि जिंकले कोण जास्त?" व्यापाऱ्याचा प्रश्न.

"त्यात फरक नव्हता."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, उद्याच मैदानावर जातो. मी थांबवलं. पोरांसमोर सरांना बोललात तर त्याचा राग तुमच्या मुलावर निघेल. मैदान रिकामं झाल्यावर जा, आणि सर जे चांगलं करतात तिथून सुरुवात करा.

पुढे सर स्वतःच भेटायला आले. मदतनीस नाही, मातीच्या मैदानावर पाणी मारायचं ते हाताने. त्यांच्या गुरूंनी त्यांना चपलेने शिकवलेलं. मला माणूस आवडला, खोटं कशाला बोलू. मी दोन आठवडे मागितले. ते नाव बंद. पकडला गेला तर आधी काय बरोबर केलं ते, मग पुढे काय करायचं ते. "पाय छान आत टाकलास, आता उजव्या कोपऱ्यावर नजर ठेव," इतकं पुरे.

"मग पोरं शेफारतील, मॅडम."

"मोजून बघा. बोनस रेषेपर्यंत किती चढाया जातात, ते वहीत लिहा."

गुण मोजण्यात हयात गेलेला माणूस, वहीला कबूल झाला.

(सर मारत असते, वजन उतरवायला उपाशी ठेवत असते किंवा नको तिथे हात लावत असते, तर मी असे दोन आठवडे मागितले नसते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.)

त्या लहान मुलाची माफी आपल्या मुलाने सगळ्यांसमोर मागावी, असं आईचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. पुन्हा एक तमाशा कशाला? त्याने एकट्याने जाऊन चूक कबूल केली आणि आता घोट्याची पकड त्याला तोच शिकवतो. सरांच्या तोंडून मधूनच "केळं" निसटतं, पण स्वतःच जीभ चावतात, असं मुलाने हसत सांगितलं.

मार्चमध्ये तो एकटाच आत आला, आई बाहेर बसली. न सांगताच कागद ओढून त्याने मैदान काढलं. एक ठिपका बोनस रेषेच्याही पलीकडे, पार कोपऱ्यात. "इथे पकडलं मला. तिघांनी," तो म्हणाला आणि कोण कुठून आला त्याचे बाण काढत बसला.