पठाण मूळचे कोण? इस्रायली, पक्थ की आणखी कुणी?

तुमचा प्रश्न असा : पठाण हे प्राचीन इस्रायलच्या बारा वंशांपैकी हरवलेल्या दहांतले, असं एक व्हिडिओ सांगतो, दुसरा म्हणतो ते ऋग्वेदातले पक्थ लोक. खरं काय? आणि पानिपतावरचे अब्दाली आणि नजीबखान एकाच टोळीचे होते का?

माझ्या मते दोन्ही व्हिडिओ एकच मूळपुरुष शोधायला निघतात आणि तिथेच फसतात. पश्तुनांची, म्हणजे पठाणांची, वंशावळ मोलाची आहे, पण ती रक्ताचा दाखला म्हणून वाचायची नसते.

इस्रायलची कथा तपशिलात लिहिली गेली ती चक्क आपल्या बऱ्हाडात. जहांगीरचा सरदार खानजहान लोदी दख्खनेत असताना त्याच्या आश्रयाने नियामतुल्लाने १६१२ मध्ये मलकापुरात (आजचा बुलढाणा जिल्हा) ‘मखजन-ए-अफगाणी’ हा फारसी ग्रंथ लिहायला घेतला आणि बुऱ्हाणपुरात पुरा केला. हाच खानजहान पुढे शाहजहानविरुद्ध बंड करून निजामशाहीच्या आसऱ्याला आला होता.

ग्रंथातली कथा थोडक्यात अशी. बनी इस्रायलचा (इस्रायली लोकांचा) राजा तालूत, म्हणजे बायबलमधला शौल. त्याचा नातू अफगाना. त्याच्या वंशातला कैस मदिनेला जाऊन पैगंबरांना भेटला आणि अब्दुर रशीद झाला. त्याचे तीन मुलगे सरबन, बेटन आणि घुरघुश्त. सगळ्या टोळ्या म्हणे यांच्यापासून. आता हिशेब करा. तालूत ते कैस ३७ पिढ्या सांगतात आणि मधला काळ सोळाशे वर्षांहून जास्त. म्हणजे दर पिढीला चाळिशी उलटल्यावर मुलगा! बायबलमध्ये अफगाना नावाचा नातू नाहीच. त्यातही गंमत म्हणजे शौल बेन्यामीन वंशाचा, आणि तो वंश हरवलेल्या दहांत मोडत नाही. व्हिडिओवाल्यांनी दोन वेगळ्या कथा एकत्र शिवल्यात.

भाषाही याला साथ देत नाही. हिब्रू सेमिटिक कुळातली, तर पश्तो पूर्व इराणी शाखेतली, म्हणजे आपल्या मराठीची लांबची चुलत बहीण. आपण ‘मुलाने पोळी खाल्ली’ म्हणतो तेव्हा क्रियापद मुलाच्या नाही, पोळीच्या मागे जातं. पश्तोतही भूतकाळात हेच घडतं. ट, ड, ण हे मूर्धन्य उच्चारही त्यांच्याकडे आहेत.

पक्थांचं म्हणाल तर ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, दाशराज्ञ (दहा राजांच्या) युद्धाच्या सूक्तात ते नाव येतं हे खरं. पण नाव कानाला जवळचं वाटणं हा पुरावा नव्हे. ध्वनिबदलाच्या नियमांत हे नातं बसत नाही, असं अनेक भाषातज्ज्ञ म्हणतात. त्यापेक्षा भक्कम नोंदी नंतरच्या. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहत्संहितेत ‘अवगाण’ (अफगाण, म्हणजे पठाणांचंच जुनं नाव) लोकांचा उल्लेख करतो आणि अकराव्या शतकात अल् बिरूनी हिंदुस्थानच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत अफगाण टोळ्या राहतात असं लिहितो.

मग वंशावळ कशासाठी? जमिनीसाठी. युसुफझई सोळाव्या शतकात काबूलकडून पेशावरच्या खोऱ्यात आणि स्वातमध्ये उतरले. तिथली जमीन शेख मलीने कुळाकुळांत वाटून दिली असं ते मानतात. ही वाटणी कायमची नव्हती. ठरावीक वर्षांनी जमिनी आलटूनपालटून घ्यायच्या आणि अख्ख्या गावांनी बिऱ्हाड हलवायचं. याला ‘वेश’ म्हणतात. कुणाला चांगली जमीन कायमची बळकावता येऊ नये, हा हेतू. स्वातमध्ये ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली. अशा समाजात पणजोबाचं नाव म्हणजे सातबारा! आणि चुलतभाऊ हा वाटेकरी, म्हणून पहिला वैरीही तोच. त्यांच्याकडे याला ‘तरबूरवली’ म्हणतात. भाऊबंदकी आपल्याला काय नवी?

बाहेरून आलेल्यांनाही या वंशावळीत जागा करून दिलेली दिसते. आफ्रिदी, खटक, वझीर, मेहसूद ही मोठी नावं ‘करलाणी’ शाखेत येतात. त्यांची मूळकथा मला फार आवडते. उठून गेलेल्या एका तळावर दोन भावांपैकी एकाला टाकलेलं तान्हं मूल सापडलं, दुसऱ्याला लोखंडी कढई. ज्याला मूल हवं होतं त्याने कढई देऊन ते घेतलं. तोच करलाण. म्हणजे हा आपल्या रक्ताचा नाही, पण आपला आहे, हे कथाच सांगते. गिलजी टोळीचंही तसंच. बेटनची मुलगी बीबी मतो आणि घोरचा परका राजपुत्र शाह हुसेन यांचा लग्नाआधीच्या संबंधातून झालेला मुलगा हा त्यांचा पूर्वज. बरेच इतिहासकार गिलजींचा संबंध खलज या तुर्की लोकांशी जोडतात, तेव्हा बापाकडचा हा परकेपणा उगाच आलेला नसावा.

आता पानिपत. अब्दाली हे मुळात टोळीचं नाव. वंशावळीत अब्दाली आणि युसुफझई दोघेही सरबनचे, पण टोळ्या वेगळ्या. अहमदशहा अब्दालींच्या सदोझई घराण्यातला. १७४७ मध्ये राज्यावर आल्यावर त्याने टोळीचं नाव दुर्राणी केलं. नजीबखान युसुफझई, पेशावरच्या बाजूने रोहिलखंडात नशीब काढायला आलेला. आपल्या बखरी मात्र अब्दालीच्या फौजेला सरसकट ‘गिलचे’ म्हणतात. अहमदशहाला ते ऐकून कसंसंच झालं असतं. गिलजी हे अब्दालींचे जुने प्रतिस्पर्धी. १७०९ मध्ये कंदहार घेऊन बसलेले हेच, १७२२ मध्ये इस्फहान जिंकून इराणच्या तख्तावर चढलेलेही हेच. १७३८ मध्ये नादिरशहाने त्यांच्याकडून कंदहार काढून घेतलं आणि तिथे अब्दालींना वसवलं, तिथून अब्दालींचे दिवस फिरले.