पोकळ्या शोधायच्या आधी

प्रिय मुली,

विश्वातल्या पोकळ्या, म्हणजे जिथे दीर्घिका फारच विरळ आहेत अशा प्रचंड जागा, शोधायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, असं तू विचारलंस. सांगतो. पण त्याआधी माझा एक प्रश्न. एखाद्या भागात दीर्घिका सापडल्या नाहीत, तर त्या तिथे नाहीत, की तिथे कुणी नीट पाहिलंच नाही? हे सांगता येईपर्यंत कोड उघडू नकोस.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘विश्वातली सर्वांत मोठी पोकळी’ म्हणून एक काळाकुट्ट डाग फिरत असतो, तुझ्याकडेही आला असेल. तो बर्नार्ड ६८, आपल्याच आकाशगंगेतला धुळीचा ढग. मागचे तारे झाकले गेले म्हणून काळा दिसतो. खरी पोकळी फोटोत दिसतच नाही. मे महिन्यात रात्री गच्चीवर गेलीस की स्वाती जवळपास डोक्यावर येते. तिथून उत्तरेला, सप्तर्षींतल्या मरीचीच्या थोडं पूर्वेला बघ. भूतप या तारकासमूहातली प्रसिद्ध पोकळी त्या दिशेला आहे. पण तिच्या अलीकडेही दीर्घिका आहेत आणि पलीकडेही. प्रत्येकीचा वर्णपट घेऊन रेडशिफ्ट, म्हणजे तिचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला आहे ते, मोजल्याशिवाय मधलं अंतर रिकामं आहे हे कळायला मार्ग नाही.

१९८१ मध्ये रॉबर्ट किर्शनर आणि सहकाऱ्यांनी आकाशाचे तीन छोटे तुकडे तपासले. रेडशिफ्टवरून दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग कळतो, आणि वेग जितका जास्त तितकी ती दूर. तिन्हींत सेकंदाला सुमारे १५,००० किलोमीटर वेगाच्या आसपास दीर्घिकांचा दुष्काळ होता. नाव झालं ते या शोधाचं. मला मात्र त्यांचा १९८७ चा शोधनिबंध जास्त मोलाचा वाटतो. तीन तुकड्यांच्या मधल्या जागेत काय आहे हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी त्या जागेत २८३ लहान क्षेत्रं निवडली, त्यांतल्या २३९ दीर्घिकांचे रेडशिफ्ट मोजले, आणि मग पोकळी आहे असं ठामपणे म्हटलं. हा निबंध आधी वाच. नंतर त्या पोकळीतही कित्येक दीर्घिका सापडल्या, त्यामुळे पोकळी म्हणजे शून्य अशी समजूत करून घेऊ नकोस. सरासरीच्या दहा-वीस टक्के घनता असली तरी पोकळीच.

आता तुझा डेटा. डेसी या नव्या दीर्घिका-सर्वेक्षणाचा पहिला मोठा संच मार्च २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला आणि तुला तोच हवा आहे, हे मला कळतं. तरी सुरुवात स्लोनच्या जुन्या सर्वेक्षणापासून कर, कारण त्याच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत. त्यातल्या मुख्य नमुन्यात १७.७७ प्रतीपर्यंतच्याच दीर्घिका घेतल्या आहेत (प्रत म्हणजे दिसणाऱ्या तेजाचं माप, आकडा मोठा तितकी दीर्घिका अंधुक). म्हणजे दूर जावं तसतशा फक्त तेजस्वी दीर्घिका उरतात आणि पोकळ्या आपोआप ‘मोठ्या’ होत जातात! त्यावर उपाय म्हणून ठरावीक अंतरापर्यंत, ठरावीक तेजाच्या वरच्याच दीर्घिका ठेव. निम्म्याहून जास्त डेटा फेकावा लागला तरी फेक. मग बाकीचं: ५५ आर्कसेकंदांपेक्षा जवळच्या दोन दीर्घिकांवर एकाच वेळी फायबर (प्रकाश वर्णपटमापकापर्यंत नेणारे तंतू) बसत नव्हते, त्यामुळे दाट जागी काही सुटल्या आहेत. तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे भाग मुळातच वगळलेले आहेत. आणि समूहांतल्या दीर्घिकांच्या स्वतःच्या गतीमुळे नकाशात त्यांची लांबट बोटं तयार होतात, ती थेट शेजारच्या पोकळीत घुसतात. सर्वेक्षणाच्या कडेला टेकलेली पोकळी यादीत धरायचीच नाही, कितीही सुंदर दिसो.

आता सॉफ्टवेअर. पोकळ्या शोधणारे दोन प्रोग्रॅम सांगतो. त्यातला झोबोव्ह प्रत्येक दीर्घिकेला तिच्या वाट्याची जागा देतो. जागा मोठी म्हणजे घनता कमी. मग तो पाणलोट काढतो, आपल्या नागपूर जिल्ह्यासारखा: पश्चिमेकडचा पाऊस वर्धेला जातो, पूर्वेकडचा कन्हानमार्गे वैनगंगेला, आणि मधला उंचवटा ही सीमा. दुसरा, व्हॉइडफाइंडर, मात्र रिकाम्या जागेत गोल बसवत जातो. एकाच आकाशातून दोघे वेगवेगळ्या याद्या देतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तुझी पोकळीची व्याख्या कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

रिकाम्या जागेत काय शोधून राहिली, असं घरचे विचारतील. त्यांना सांग, हजारो पोकळ्या एकावर एक ठेवल्या तर सरासरी आकार गोल यायला हवा. रेडशिफ्टवरून अंतर काढताना विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब चुकला, तर तो लांबट किंवा चपटा येतो. दीर्घिकांच्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा करावा लागतो हे खरं, पण तेवढं केलं की कृष्ण ऊर्जेचं गणित तपासायला हे हत्यार चांगलं आहे. आणि त्यासाठी नागपूर सोडायची घाई नको. २०१७ मध्ये जाहीर झालेला सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह पुण्यातल्या आयुका आणि आयसरच्या मंडळींनी याच स्लोनच्या खुल्या डेटातून शोधला.

पहिलं काम असं कर. सर्वेक्षणाच्या आकाराच्याच जागेत, तेवढेच बिंदू अंदाधुंद टाक आणि त्यांवर झोबोव्ह चालव. काहीही रचना नसलेल्या त्या बिंदूंतही तो भराभर पोकळ्या काढून दाखवेल. त्यांची संख्या, आकार, घनता लिहून घे, मग तेच खऱ्या दीर्घिकांवर कर. दोन्ही याद्या घेऊन रविवारी सकाळी ये. दुपारी नको, ऊन फार आहे.

तुझा,
सर