तासलेला दात परत येत नाही

अगं, तुझे फोटो आणि त्या क्लिनिकचं कोटेशन दोन्ही बघितलं. दहा झिरकोनियाच्या (पांढऱ्या, टणक सिरॅमिकच्या) कॅप, आठवड्यात काम पूर्ण, कारण लग्न जवळ आलंय.

तुझा एकही दात किडलेला नाही, तुटलेला नाही, रूट कॅनाल झालेलं नाही. डाग आहेत ते फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडचे, आपल्या यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्याने दिलेले, तू लहान असताना दात हिरडीच्या आत तयार होत होते तेव्हाचे. डाग इनॅमलमधे, दाताच्या वरच्या कडक थरात आहेत. आणि त्यासाठी अख्खा दात तासायचा? कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटर तासतात, टोकाला दोनपर्यंत, पुढच्या दाताचा साठ-सत्तर टक्के भाग जातो. व्हिनीयरला, म्हणजे दाताच्या पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याला, मुख्यतः पुढचीच बाजू, साधारण अर्धा मिलिमीटर. नख वाढतं, केस वाढतात, तासलेला दात परत येत नाही.

मला हे माहितीये कारण मी केलंय. 1997 ला तुझ्याच वयाची एक मुलगी, असेच डाग, लग्न ठरलेलं, मी सहा मेटल सिरॅमिक, आत धातू वर सिरॅमिक अशा, कॅप दिल्या. दुपारभरात सहा चांगल्या दातांच्या खुंट्या झाल्या, तिने आरसा मागितला आणि मी दिला नाही. दोन वर्षांत दोन दात ठणकायला लागले, रूट कॅनाल करावं लागलं, पुढे हिरडी सरकून कॅपची काळी कड दिसायला लागली, आणि ती परत तोंडावर पदर धरून हसायला लागली. आता तू म्हणशील मावशी तेव्हा दुसरं काय होतं, खरंय, व्हिनीयर करणारी लॅब आमच्या आसपास नव्हती, तिच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले होते, मी काही पैशासाठी केलं नाही. पण डागाचा वरचा पातळ थर घासून काढायची मायक्रोअब्रेजनची पद्धत तेव्हाही होती, मी ती करून बघितली नाही.

तू आधी तेच कर, त्यावर ब्लीचिंग. मग दोन आठवडे थांब, ब्लीच केल्या केल्या व्हिनीयर चिकटवायचं सिमेंट नीट धरत नाही. एवढं करून मधल्या दोन दातांवरचे खड्डे खुपलेच तर त्या दोघांना पोर्सलिन व्हिनीयर, दहाला नाही! तासायच्या आधी तोंडात मॉकअप, म्हणजे तात्पुरता नमुना, बसवून दाखवा म्हणावं, आणि विचार की तासून इनॅमल किती उरेल, व्हिनीयर इनॅमलवरच पक्कं बसतं. फ्लोरोसिसच्या इनॅमलवर चिकटवण्याआधीचं ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं हे त्यांना माहीत आहे का तेही बघ. झोपेत दात खातेस असं तुझी आई म्हणाली, मग रात्री दातांवर घालायचं नाइट गार्ड लागेलच.

आणि ‘कायमचं काम’ असं कोणी म्हणालं तर उठून ये. व्हिनीयर काय, कॅप काय, दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येते, तू सव्वीसची आहेस, हिशोब कर. तासलेला दात परत येत नाही गं, किती वेळा सांगू.

ॲडव्हान्स भरला असशील तर बुडू दे. तारखेचं मी बोलते आईशी, तू शनिवारी सकाळी ये, येताना जुना एक्सरे आण.