पडत्या मार्केटमध्ये सोन्याच्या खाणींचे शेअर घ्यावेत का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्युच्युअल फंड सगळे लाल दिसतायत, सोनं मात्र टिकून आहे, म्हणून एफडी मोडून चार लाख सोन्याच्या खाणींच्या शेअर्समध्ये टाकू का, कारण भाऊ म्हणतो सोनं दहा टक्के वाढलं की हे शेअर तीस टक्के पळतात. तुमच्या भावाचं गणित चुकीचं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मी २००८ साली स्वतःचे पैसे घालवून शिकलोय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे शेअर का पळतात ते बघा. समजा खाणीला एक औंस (साधारण ३१ ग्रॅम) सोनं काढायला १२०० डॉलर लागतात आणि भाव १५०० आहे, हातात उरले ३००. भाव दहा टक्के वाढून १६५० झाला की हातात ४५०, म्हणजे नफा दीडपट. पण तोच भाव १३५० वर आला तर नफा निम्मा, आणि खाण काय दुकानासारखी शटर ओढून बंद करता येत नाही, आत पाणी भरतं म्हणून पंप चालू, पगार चालू, कर्जाचं व्याज चालू.

आता २००८. अमेरिकेत बँका डळमळायला लागल्या होत्या, मार्चमध्ये सोनं पहिल्यांदा १००० डॉलरवर गेलं, आणि मी खाणींच्या एका फंडात पैसे टाकले, म्हटलं बाकी सगळं पडलं तरी हे तरेल. झालं उलटं. सप्टेंबरात लेहमन ही मोठी अमेरिकी बँक बुडाली आणि पुढच्या दीड महिन्यात सगळ्यांबरोबर खाणीही आपटल्या. अमेरिकेत खाण कंपन्यांचा जीडीएक्स म्हणून ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड आहे, तो मार्चमध्ये ५० डॉलरच्या वर होता, ऑक्टोबरअखेर १६-१७ च्या आसपास आला. सोनं स्वतः तेव्हा सातशेच्या घरात आलं होतं, म्हणजे सोनं तीसेक टक्के आणि खाणी सत्तर टक्के! कारण मोठ्या फंडांना मार्जिन कॉल (उधारीवर घेतलेल्या गुंतवणुकीसाठी आणखी पैसे भरा अशी मागणी) येत होते, लोक पैसे परत मागत होते, आणि रोख हवी असली की जे विकलं जाईल ते विकतात, चांगलं-वाईट कोणी बघत नाही. खाणीचा शेअर आधी शेअर असतो, सोनं नंतर, हे मला तेव्हा कळलं. मी घाबरून निम्मे युनिट विकले, त्याचं आजही वाईट वाटतं, कारण डिसेंबरअखेर तोच जीडीएक्स तेहतीसच्या आसपास होता, दोन महिन्यांत दुप्पट. सोनं बाकीच्यांच्या आधी सावरलं, आणि क्रूड म्हणजे कच्चं तेल जुलैतल्या १४७ डॉलरवरून चाळीसच्या खाली आलं. खाणीत डंपर, जनरेटर सगळं डिझेलवर, त्यामुळे मंदीत खर्च उतरतो आणि सोन्याचा भाव टिकला तर नफा दोन्हीकडून वाढतो. खाणींचा खरा फायदा तो हा, पण तो पडझडीच्या सुरुवातीला मिळत नाही, मागाहून मिळतो.

२०२० च्या कोरोनात हेच सगळं भरभर झालं, जीडीएक्स फेब्रुवारीत तीसच्या वर, मार्चच्या मध्याला वीसच्या खाली, ऑगस्टात चाळीसच्या वर.

१९३० च्या महामंदीतल्या होमस्टेक या अमेरिकी सोन्याच्या खाणीचं उदाहरण तुम्हाला कोणी देईलच, ते खरं आहे, शेअर तेव्हा वाढला होता. पण त्या काळी अमेरिकेत सोन्याचा भाव २०.६७ डॉलरला बांधलेला होता, मंदीत मजुरी नि माल स्वस्त झाला तरी भाव हलत नव्हता आणि १९३४ मध्ये सरकारनेच तो ३५ केला. आज असा बांधलेला भाव नाही, त्यामुळे तो दाखला जसाच्या तसा लावू नका.

आणि मंदी नसतानाही या कंपन्या पैसे बुडवतात बरं का. २०११ ला सोनं १९०० च्या वर होतं तेव्हा सगळ्यांनी कर्ज काढून महागड्या कंपन्या आणि खाणी घेतल्या. बॅरिक या कॅनडाच्या खाण कंपनीने चिली-अर्जेंटिना सीमेवर अँडीज पर्वतात पास्कुआ-लामा खाण उभारायला घेतली होती, खर्च फुगत गेला, पाण्याच्या प्रदूषणावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१३ मध्ये काम थांबवावं लागलं. २०१५ संपता सोनं साधारण १०५० वर, आणि जीडीएक्स साठच्या वरून तेराच्या आसपास. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सोनं विक्रमी भावाजवळ असताना न्यूमाँट या अमेरिकी खाण कंपनीचा शेअर एका दिवसात १४-१५ टक्के पडला, कारण खर्च अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. सरकारशी बिनसलं तर वेगळंच, जानेवारी २०२५ मध्ये आफ्रिकेतल्या माली देशात बॅरिकला खाण बंद ठेवावी लागली. खाण उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

आपल्याकडे घेण्यासारखं फार नाही. कोलारच्या खाणी २००१ मध्येच बंद झाल्या, हट्टी कर्नाटक सरकारची आहे, तिचा शेअर मिळत नाही. डेक्कन गोल्ड माइन्स मुंबई शेअर बाजारात आहे पण ती छोटी कंपनी, चार लाख तिथे एकगठ्ठा अजिबात नको. टायटन दागिने विकते, मुथूट सोनेतारण कर्ज देते, त्यांचा खाणीशी संबंध नाही, उलट भाव फार चढला की गिऱ्हाईक दागिने कमी घेतं. उरतात परदेशी खाणींचे फंड नाहीतर एलआरएसने (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) थेट अमेरिकेत खरेदी. थेट घेणार असाल तर तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली की मालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

तुमच्यासाठी माझं मत: एफडी मोडू नका. पाच वर्षं हात लावायचा नाही असे पन्नास-साठ हजार असतील तर त्याचे पाच-सहा भाग करा आणि पहिला भाग आज नाही, सोनंसुद्धा सगळ्यांबरोबर घसरायला लागेल तेव्हा टाका. नुसतं सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ घ्या, खाणी कशाला? आणि भावाच्या मनात एखादी ठराविक कंपनी असेल तर तिचं नाव इथे लिहा, तिचं कर्ज किती आणि औंसामागे सगळा धरून खर्च किती एवढं रविवारी बघून सांगतो.