व्हेट टेकचा कोर्स: अकरा हजारांचा की अडतीस हजारांचा?

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला व्हेटर्नरी टेक्निशियनच व्हायचंय. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचे मिळून ११ हजार डॉलर लागतील, पण तिथे वेटिंग लिस्ट आहे. एक खासगी कॉलेज लगेच प्रवेश देतंय, पण ३८ हजार मागतंय. तिचे बाबा म्हणतात, ‘कंपाउंडर व्हायला एवढे पैसे?’ काय करावं?
– एक आई

ताई,

बाबांचा टोमणा सोडून देऊ, पण पैशांबद्दलची त्यांची शंका रास्त आहे. काम मात्र त्यांना वाटतं तितकं किरकोळ नाही. भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवणं, एक्स-रे काढणं, रक्त तपासणं, सलाइन लावणं, दातांची सफाई हे सगळं टेक्निशियन करतात. निदान, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया एवढं डॉक्टरांकडे राहतं. इतकी जबाबदारी असूनही पगार बेताचा, हीच या पेशाची जुनी तक्रार आहे.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने दिलेला मे २०२४ चा मध्यम वार्षिक पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ४५,९८० डॉलर आहे, म्हणजे तासाला साधारण २२. त्यात दहा-पंधरा वर्षं मुरलेले लोकही आले, त्यामुळे पहिल्या नोकरीला याहून कमीच धरा. पण एवढाच आकडा बघून कोर्सची किंमत ठरवू नका. व्हेटर्नरी असिस्टंटला पदवी लागत नाही आणि त्याच आकडेवारीत त्याचा मध्यम पगार ३७,३२० आहे. म्हणजे शिक्षणामुळे वर्षाला वाढणारी रक्कम ८,६६० डॉलर, तीही कर कापण्याआधीची. फी भरून निघायची ती या फरकातूनच.

आता त्यात बुडणारी कमाई धरा. कोर्सच्या दोन वर्षांत मुलीने अर्धवेळ काम केलं, तरी असिस्टंट म्हणून पूर्णवेळ मिळाले असते त्यातले सुमारे ३७ हजार हातचे जातात. ते आणि फी मिळून कम्युनिटी कॉलेजचा खर्च भरून यायला साडेपाच वर्षं लागतात, खासगीचा यायला पावणेनऊ. व्याज यात धरलेलंच नाही. खासगी कॉलेजचे वरचे २७ हजार कर्जाऊ घेतले आणि साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटलं, तर महिन्याला तीनशेहून अधिक डॉलर जातील. शिवाय पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० पर्यंतच मिळतं. उरलेलं कर्ज बहुधा तुमच्या नावावर येईल, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

पावणेनऊ वर्षं ती या कामात टिकेल का? चावे, ओरखडे, जड कुत्री उचलून दुखणारी पाठ, रात्रपाळ्या, आणि ज्याच्यावर महिनाभर उपचार केले त्याला शेवटचं इंजेक्शन देताना धरून बसणं. पाच-सहा वर्षांत हा पेशा सोडणारे पुष्कळ आहेत. म्हणून माझं मत कम्युनिटी कॉलेजच्या बाजूने आहे, वर्षभर थांबावं लागलं तरी. ते वर्ष असिस्टंट म्हणून काम करण्यात गेलं तर वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

कॉलेज कोणतंही असो, कोर्सला एव्हीएमएची, म्हणजे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची, मान्यता हवीच. ती नसेल तर बहुतेक राज्यांत व्हीटीएनई ही परवान्याची परीक्षा देता येत नाही. पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी पास होतात, हे मान्यताप्राप्त कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर द्यावं लागतं. दोन्ही कॉलेजांचा आकडा शेजारी ठेवून बघा. खासगीवाल्यांच्या गुळगुळीत माहितीपत्रकात तो सहसा पहिल्या पानावर नसतो! रेबीजच्या लसी, गणवेश आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठीचा प्रवास फीमध्ये धरलाय का, हेही विचारा. लसींचाच खर्च शेकड्यांत जातो आणि विमा तो देईलच असं नाही.

पत्रात तुम्ही इमिग्रेशनबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि खरं तर पहिला प्रश्न तोच आहे. मुलीकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरा. उत्पन्न कमी असल्यास पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, मिळू शकते. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. पण मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी-व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फेडरल मदत नाही, पगारी काम नाही आणि २१ व्या वर्षी तो व्हिसाही संपतो. एच-१बी साठी सहसा किमान बॅचलर पदवी लागणारी नोकरी हवी, आणि हा पेशा दोन वर्षांच्या पदवीचा आहे. अशा स्थितीत प्रवेशाची अनामत भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

पुढेमागे प्राण्यांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात आहे का, तेही एकदा विचारा. या कोर्सचे बरेच विषय पशुवैद्यकाच्या प्रवेशासाठी धरले जात नाहीत. तिकडे सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र लागतं. तसं असेल तर सरळ बॅचलरचा रस्ता धरावा. टेक्निशियनच व्हायचं पक्कं असेल तर पगार वाढवायच्या वाटा आहेत: विद्यापीठं आणि संशोधन प्रयोगशाळा, इमर्जन्सी हॉस्पिटलं, किंवा काही वर्षांनी भूल वा दंतोपचारातलं विशेष प्रमाणपत्र.

एक काम मात्र याच महिन्यात करा. घराजवळच्या दोन-तीन क्लिनिकांच्या मॅनेजरांना मुलीनेच जाऊन विचारावं, की परवानाधारक टेक्निशियनला आणि बिनपरवान्याच्या असिस्टंटला तासाला काय देता. काही राज्यांत दोघांची कामं कायद्याने नीट वेगळी केलेली नाहीत. तिथे फरक नावापुरताच असतो. तो तासाला दोन डॉलर निघाला, तर ३८ हजारांचा विषय तिथेच मिटवा. पाच-सहा निघाला, तर कम्युनिटी कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर त्याच आठवड्यात नाव घाला.